पडद्यामागील नावे

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)





संस्थेच्या चालकांनी मला दोन शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा विषय निवडण्याची मोकळीकही दिली. अशा प्रसंगी डॉक्टर व्हा, इंजिनीअर व्हा, स्पर्धा परीक्षा द्या असे सांगण्याचा प्रघात आहे. तो उपदेश चांगलाच आहे आणि तो करणारे पुष्कळ आहेत. मी आज जरा वेगळ्या वाटेविषयी बोलणार आहे. चित्रपट आणि दूरदर्शनच्या मालिका तयार होतात, त्या कामात कोणाकोणाला जागा मिळते, कोणाला मिळत नाही, आणि त्याचा तुमच्या-आमच्या घराशी काय संबंध, हा माझा विषय आहे. विषय ऐकून काही पालकांच्या कपाळाला आठी पडली असेल. त्यांना माझी विनंती एवढीच की, शेवटपर्यंत ऐकून घ्यावे आणि मग रागवावे.

प्रथम एक कबुली देतो. मी शिक्षक असताना एक हुशार मुलगी माझ्याकडे आली होती. बारावी झाली होती. ती म्हणाली, "सर, मला चित्रपटाचे संकलन शिकायचे आहे. पुण्याला त्याची संस्था आहे. अब्बांना तुम्ही सांगाल का?" मी तिच्या अब्बांकडे गेलो नाही. उलट तिलाच म्हणालो, "बेटी, ते आपल्या लोकांचे काम नव्हे. त्यातून मुलीचे तर नव्हेच." ती काही बोलली नाही. पुढे ती शिक्षिका झाली आणि चांगली शिक्षिका झाली. तिचे वाईट झाले असे मी म्हणत नाही. परंतु मी तिला जे सांगितले ते खरे नव्हते, आणि ते खरे की खोटे हे पडताळून पाहण्याची तसदीही मी घेतली नव्हती. शिक्षकाच्या हातून घडलेली ही चूक लहान नव्हे. आजचे भाषण हे त्या चुकीचे थोडेसे परिमार्जन समजावे.

ते खरे का नव्हते, ते सांगतो. संकलन म्हणजे चित्रित केलेले तुकडे कापून, जोडून त्यांतून कथा उभी करणे. आपल्या देशात रेणू सलुजा नावाच्या बाई होऊन गेल्या. त्या पुण्याच्या याच संस्थेत शिकल्या. १९८३ साली आलेले 'अर्धसत्य' आणि 'जाने भी दो यारो' हे दोन्ही गाजलेले चित्रपट त्यांनी संकलित केलेले आहेत. म्हणजे 'मुलीचे काम नव्हे' हे खोटे ठरले. आता 'आपल्या लोकांचे काम नव्हे' याचे पाहा. १९२६ साली, बोलपट येण्याच्याही आधी, मुंबईत फातमा बेगम यांनी स्वतःची चित्रपटसंस्था काढली आणि 'बुलबुल-ए-परिस्तान' हा चित्रपट दिग्दर्शित केला. भारतातील पहिल्या स्त्री-दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. १९३१ साली गिरगावातील मॅजेस्टिक चित्रगृहात आपला पहिला बोलपट 'आलम आरा' झळकला, त्याची नायिका झुबेदा ही त्यांचीच मुलगी. ज्या काळात पुष्कळ घरांतील मुली शाळेची पायरीही चढत नव्हत्या, त्या काळात एका मुस्लिम बाईने दिग्दर्शकाचे काम केले. आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी मी, शिकलासवरलेला मास्तर, एका मुलीला सांगत होतो की हे आपले काम नव्हे!

येथे कोणी म्हणेल, "सर, चित्रपटसृष्टीत मुसलमानांना कुठे तोटा आहे? नट आहेत, गायक आहेत, शायर आहेत." खरे आहे, आणि त्याचा अभिमान मलाही आहे. 'बैजू बावरा' (१९५२) मधील ते अजरामर भजन आपण सर्वांनी ऐकले आहे. ते लिहिले शकील बदायुनी यांनी, त्याला चाल दिली नौशाद यांनी आणि ते गायिले महंमद रफी यांनी. १९८८ साली 'महाभारत' मालिका सुरू झाली, तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. त्या मालिकेचे संवाद डॉ. राही मासूम रझा यांचे होते. 'मदर इंडिया' (१९५७) काढणारे मेहबूब खान हे गुजरातेतून आलेले, फारसे शिक्षण न मिळालेले गृहस्थ होते आणि त्यांनी सुरुवात गर्दीतल्या नटापासून केली. हा सारा वारसा आपला आहे, आणि आपल्याबरोबर तो साऱ्या देशाचा आहे.

परंतु मंडळी, दहा-वीस तेजस्वी नावे सांगून समाधान मानणे म्हणजे गावातील एक मुलगा कलेक्टर झाला म्हणून गाव सुशिक्षित झाले असे समजणे होय. एक चित्रपट किंवा मालिका तयार होताना शंभर-दोनशे माणसे राबत असतात. कथा-पटकथा लिहिणारे, कॅमेरा सांभाळणारे, दिवे लावणारे, आवाज टिपणारे, नेपथ्य उभारणारे सुतार आणि रंगारी, कपडे शिवणारे, रंगभूषा करणारे, हिशेब ठेवणारे, दृश्यांचा क्रम जुळतो की नाही हे वहीत टिपणारे सहायक. चित्रपट संपला की ही सारी नावे पडद्यावर सरकू लागतात आणि आपण चपला शोधू लागतो. माझे सांगणे असे की, त्या नावांकडे बघा. कोणत्या समाजाला, कोणत्या जिल्ह्यांना, किती स्त्रियांना, अपंगांपैकी कोणाला त्या कामात वाटा मिळाला, ते नटनट्यांच्या चेहऱ्यांपेक्षा त्या नावांतून अधिक कळते.

याचा परिणाम पडद्यावर कसा होतो, ते पाहू. तुम्ही-आम्ही रत्नागिरीचे, चिपळूणचे, साताऱ्याचे, सोलापूरचे, औरंगाबादचे लोक. कोणी घरात कोकणी बोलतो, कोणी दखनी, कोणी मराठी. बाजारात आणि शेतावर आपण मराठीतच भांडतो आणि मराठीतच हसतो. पण पडद्यावरचा मुसलमान बहुधा कसा दिसतो? तो एक तर लखनौचा नवाब असतो, नाही तर टोळीतला गुंड. बोलताना दर वाक्याला 'जनाब' म्हणतो. ही पात्रे लिहिणारा दर वेळी वाईट मनाचा असतो असे नव्हे. त्याच्या टेबलापाशी, ज्या खोलीत पटकथा लिहिली जाते त्या खोलीत, "अहो, आमच्याकडे असे बोलत नाहीत," असे म्हणणारा कोणी बसलेला नसतो. एवढेच कारण पुष्कळदा पुरेसे असते.

हे केवळ आपल्याच देशात घडते असे नाही. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांतील २०१७ ते २०१९ मधील २०० लोकप्रिय चित्रपटांची पाहणी अमेरिकेतील एका विद्यापीठाने केली आणि ती २०२१ साली प्रसिद्ध झाली. त्यांत बोलणाऱ्या पात्रांमध्ये मुस्लिम पात्रे शेकडा दोनसुद्धा नव्हती.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. मुसलमानाचे काम मुसलमानानेच करावे आणि हिंदूचे हिंदूनेच, असा अर्थ कोणी काढील तर तो चुकीचा ठरेल. पुण्याच्या प्रभात कंपनीने १९४१ साली 'शेजारी' हा चित्रपट काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा विश्राम बेडेकरांची. एकाच गावातील एक हिंदू आणि एक मुसलमान, दोघे जिवलग मित्र, आणि त्यांच्यात पाडलेली फूट, असा विषय. त्याच्या हिंदी आवृत्तीत, 'पडोसी'मध्ये, मिर्झाची भूमिका गजानन जागीरदारांनी केली आणि ठाकूरची भूमिका मझहर खान यांनी. हिंदू नट मुसलमान झाला आणि मुसलमान नट हिंदू झाला. देशात मने दुभंगत चालली होती त्या दिवसांत केलेली ही अदलाबदल आजही मनात घर करते.

तशीच गोष्ट 'गर्म हवा' (१९७३) या चित्रपटाची. फाळणीनंतर आग्र्याला राहिलेल्या एका मुस्लिम कुटुंबाची ती कहाणी. त्यात सलीम मिर्झांचे काम बलराज साहनींनी केले आणि ते इतके खरे उतरले की, आपल्या घरातले वडीलच समोर बसले आहेत असे वाटावे. दिग्दर्शक होते एम. एस. सथ्यू. पण कथा इस्मत चुगताईंची होती, आणि पटकथा कैफी आझमी व शमा झैदी यांची. म्हणजे त्या घरातला उंबरठा कसा असतो, म्हातारी आजी कशासाठी हट्ट धरते, हे ठाऊक असलेली माणसे लिहिणाऱ्यांत होती. चेहरा कोणाचाही असो, जाणकार माणूस खोलीत असला पाहिजे. माझ्या म्हणण्याचे सार हेच आहे.

अलीकडचे आपल्या मराठीतले उदाहरण द्यायचे तर 'सैराट' (२०१६) चे देता येईल. त्याचे दिग्दर्शक नागराज मंजुळे सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातले, वडार समाजातून आलेले. त्यांनी आपल्या मुलखातील नवखी मुले घेतली. त्यात नायकाचा एक मित्र आहे सलीम, म्हणजे सल्या. ते काम केले अरबाज शेख या तरुणाने. हा सल्या 'जनाब' म्हणत नाही. तो करमाळ्याकडची मराठी बोलतो, मित्रासाठी धावतो आणि मित्राबरोबर मार खातो. मुसलमान म्हणून त्याच्यावर व्याख्यान नाही की शिक्का नाही. तो फक्त गावातला एक मुलगा आहे. उपेक्षित समाजातील एक माणूस दिग्दर्शकाच्या खुर्चीवर बसला आणि त्याने दुसऱ्या समाजाच्या मुलालाही माणूस म्हणून पाहिले. एकाला दार उघडले की त्याच्यामागून दुसराही आत येतो, तो असा.

आता हे दार बंद कसे राहते, तेही समजून घेतले पाहिजे. सर्वांत मोठे कुलूप म्हणजे ओळख. या धंद्यात जाहिरात देऊन, परीक्षा घेऊन भरती होत नाही. कोणाचा भाचा, कोणाचा शेजारी, कोणाचा जुना सहायक अशा साखळीतून माणूस आत येतो. दुसरे कुलूप पैशाचे. पहिली दोन-तीन वर्षे उमेदवारी करताना हाती फारसे काही पडत नाही आणि मुंबईत खोलीचे भाडे तर द्यावेच लागते. ज्याच्या घरून पैसे येतात तोच टिकतो. तिसरे कुलूप नियमांचे. याचे एक उदाहरण प्रत्येक विद्यार्थिनीने लक्षात ठेवावे.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत रंगभूषाकारांची जी संघटना आहे, तिच्या नियमाप्रमाणे स्त्रियांना केशभूषेचे कार्ड मिळे, पण रंगभूषेचे मिळत नसे. ही रीत अनेक दशके चालली. कारण असे सांगण्यात येई की, बायका या कामात आल्या तर पुरुषांची पोटे कशी भरतील? शिवाय महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्य असल्याची अट होती. चारू खुराना नावाच्या प्रशिक्षित रंगभूषाकार बाई व त्यांच्या काही सहकारी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात घेऊन गेल्या. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, ही बंदी घटनेविरुद्ध आहे. स्त्री आहे म्हणून तिला तिच्या कलेने पोट भरण्यापासून कोणी अडवू शकत नाही. वास्तव्याची अटही रद्द झाली. विचार करा, जो देश स्त्रीला पंतप्रधान होऊ देतो, त्या देशात नटीच्या चेहऱ्याला रंग लावण्याचा हक्क मिळवण्यासाठी एका बाईला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले! पण ती गेली आणि जिंकली. ज्यांना नियम मोडता येत नाहीत असे वाटते, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

परदेशांत याबाबत काही लिखित नियम होऊ लागले आहेत. ब्रिटनमध्ये चित्रपटांना सार्वजनिक निधी देणाऱ्या संस्थेने २०१६ पासून त्यासाठी निकष ठरविले. अमेरिकेतील ऑस्कर पारितोषिकांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेत उतरावयाचे असेल, तर २०२४ च्या सोहळ्यापासून चारपैकी किमान दोन निकष पुरे करावे लागतात. पडद्यावर कोण आहे, पडद्यामागे कोण आहे, नवशिक्यांना सशुल्क नव्हे तर पगारी उमेदवारी दिली की नाही, आणि चित्रपट लोकांपर्यंत नेणाऱ्या विभागात कोण आहे, अशी ती चार अंगे आहेत. आपल्याकडे केरळ सरकारच्या चित्रपट विकास महामंडळाने स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या नव्या दिग्दर्शकांना चित्रपट काढण्यासाठी दीड कोटी रुपयांपर्यंत साह्य देण्याची योजना केली. असे नियम पुरे पडतात असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्याची ओळख नाही त्याला नियमाचा तरी आधार लागतो.

आता पालकांच्या मनातील खऱ्या भीतीकडे वळतो. "मुलगी या लाइनीत सुरक्षित राहील का?" ही भीती वेडगळ आहे असे मी म्हणणार नाही. केरळ सरकारने २०१७ साली न्यायमूर्ती हेमा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने २०१९ च्या अखेरीस अहवाल दिला आणि तो लोकांसमोर यावयास ऑगस्ट २०२४ उजाडला. त्यात स्त्रियांच्या लैंगिक छळाविषयी तर आहेच. पण चित्रीकरणाच्या जागी स्वच्छतागृह नाही, कपडे बदलण्यास आडोसा नाही, कामाचा लेखी करार नाही, अशा साध्या गोष्टीही आहेत. हे वाचून मुलीला घरी बसवावे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जरा थांबा. ही समिती नेमली गेली ती कोणामुळे? त्याच धंद्यात काम करणाऱ्या स्त्रिया एकत्र आल्या, त्यांनी संघटना केली आणि सरकारकडे मागणी केली म्हणून. त्या घरी बसल्या असत्या तर अहवालही झाला नसता आणि आडोसाही झाला नसता.

म्हणून मुलीला पाठवू नका असे मी म्हणत नाही, आणि डोळे मिटून पाठवा असेही म्हणत नाही. विचारून पाठवा. करार लेखी आहे का? कामाचे तास किती? रात्री परत सोडण्याची व्यवस्था कोणाची? २०१३ च्या कायद्याप्रमाणे, जेथे दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते. ती आहे का, तिची अध्यक्ष कोण? हे प्रश्न मुलाच्या बाबतीतही विचारा. जो बाप रुग्णालयात किंवा बँकेत नोकरीला लागणाऱ्या मुलीसाठी चौकशी करतो, त्याने येथेही तेवढीच चौकशी करावी.

काही पालकांना हा धंदाच मुळात मान्य नसेल. दीनाच्या दृष्टीने त्यांचा जो विचार असेल, त्याचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही आणि मी तो करणारही नाही. तो ज्याच्या त्याच्या घराचा प्रश्न आहे. मी इतकेच नम्रपणे सुचवितो की, टीव्ही आपल्या घरात आहे, मुलांच्या हातात मोबाईल आहे. चित्रे तर रोज आत येत आहेत. ती कोणी काढावी, त्यांत खरे काय आणि खोटे काय हे कोणी ठरवावे, यापासून मात्र आपण दूर राहावे, हे कितपत योग्य आहे? शिवाय माहितीपट आहेत, शैक्षणिक कार्यक्रम आहेत, बातम्या आहेत. तेथेही कॅमेरा आणि आवाज लागतोच.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला दोन गोष्टी सांगतो. पहिली अशी की, आरशासमोर उभे राहून नट होण्याची स्वप्ने पाहणारे लाखो आहेत. तुम्ही एखादे काम हातात घ्या. विज्ञानाची आवड असेल तर ध्वनिमुद्रण आहे. रसूल पुकुट्टी हे केरळातील एका खेड्यातून आले, त्यांच्या लहानपणी त्या गावात वीजही नव्हती. ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रण शिकले आणि २००९ साली त्याच कामासाठी त्यांना ऑस्कर मिळाले. ही संस्था १९६० पासून जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेवर आहे, म्हणजे जेथे 'शेजारी' तयार झाला तेथेच. चित्रकला येत असेल तर नेपथ्य आहे. आय.टी.आय.मध्ये विजेचे काम शिकलात तर प्रकाशयोजना आहे. वाणिज्य शाखेचे असाल तर निर्मितीचे हिशेब आहेत. हात कामात तयार असला की ओळख नसली तरी निभावते.

दुसरी गोष्ट अशी की, आत गेल्यावर दार लावून घेऊ नका. 'मी मुसलमान म्हणून मला जागा द्या' एवढेच म्हणून थांबाल तर तुमची मागणी लहान होईल. तुमच्या शेजारी बसलेल्या दलित मुलाला, आदिवासी मुलीला, कुबड्या घेऊन येणाऱ्या सहकाऱ्यालाही जागा मागा. तुम्ही पटकथा लिहाल तेव्हा तुम्हाला अपरिचित असलेल्या समाजाविषयी लिहिताना त्या समाजातल्या कोणाला तरी विचारा. ज्या अन्यायाची तक्रार आपण करतो, तो आपल्या हातून दुसऱ्यावर होऊ नये.

शेवटी संस्थेच्या चालकांना एक सूचना. मेडिकल आणि इंजिनीअरिंगसाठी आपण शिष्यवृत्त्या देतो. त्यांबरोबर दरवर्षी एका मुलाला आणि एका मुलीला चित्रपट-दूरदर्शनच्या तंत्रशिक्षणासाठी साह्य द्यावे, आणि शिक्षण संपल्यावर पहिल्या सहा महिन्यांच्या खोलीभाड्याची तरतूद करावी. रक्कम मोठी नाही. पण ज्या तीन कुलपांविषयी मी बोललो, त्यांपैकी एक तरी आपल्या किल्लीने उघडेल. या निधीसाठी माझ्यातर्फे पहिली छोटीशी रक्कम मी आज अध्यक्षांच्या हाती देत आहे.

आणि पालकहो, यापुढे चित्रपट संपला की लगेच उठू नका. दोन मिनिटे बसा आणि ती सरकणारी नावे मुलांबरोबर वाचा. एखाद्या वर्षी त्यांत आपल्या शाळेतल्या मुलीचे नाव दिसेल. माझ्याकडे आली होती तिचे नाव त्यांत नाही, आणि त्याची जबाबदारी माझी आहे. तुमच्याकडे जी येईल, तिला निदान तिच्या अब्बांकडे तरी घेऊन जा.